वाटेवरचा शिपाई आणि तारेवरचा शिपाई

पाषाणहून सूसला जावयाचे म्हणजे पुण्याला वळसा घालून जाणारा मुंबई-बंगळूर महामार्ग ओलांडावा लागतो. संध्याकाळी तेथे होणारा खोळंबा आपल्यापैकी पुष्कळांनी भोगला असेल. सूस महानगरपालिकेच्या हद्दीत आले २०२१ साली. गर्दी त्यापूर्वीच आली होती. आता समजा, त्याच गावच्या एका गृहसंस्थेत दोनशे बिऱ्हाडे एकाच इंटरनेटच्या तारेवर अवलंबून आहेत. एका बिऱ्हाडात चित्रपट उतरवून घेणे चालले आहे, आणि शेजारची आजी डॉक्टरांना आपले दुखणे सांगते आहे ते अर्धेमुर्धेच पोहोचते आहे. हा गोंधळ आवरण्यासाठी स्विच नावाच्या यंत्रात जो बंदोबस्त करतात, त्यालाही 'पोलिसिंग' असेच नाव आहे.

नाव एक असले तरी रीत निराळी. रस्त्यावरचा शिपाई हात दाखवून गाडी थांबवितो. तारेवरचा शिपाई कोणालाच थांबवीत नाही. मजकूर तारेवरून लहान लहान पुडक्यांनी जातो. पुडके मर्यादेत असले तर तो सोडतो, नसले तर तेथल्या तेथे टाकून देतो. हे ऐकून दचकण्याचे कारण नाही. चित्रपटाच्या पुडक्याची प्रत पाठविणाराजवळ असते, तो ते पुन्हा पाठवितो. पुडकी रांगेत धरून सावकाश सोडण्याचीही एक रीत आहे; तिला शेपिंग म्हणतात. पण तिला साठवणीची जागा लागते, आणि उशीर होतो तो वेगळाच.

मर्यादा ओळखावयाची कशी? एक रांजण डोळ्यांपुढे आणावा. त्यात ठरलेल्या धारेने पाणी पडते आहे. येणाऱ्या प्रत्येक पुडक्याने आपल्या वजनाइतके पाणी उपसून पुढे जावे. पुरेसे पाणी नसेल तर ते पुडके बाद. रांजण भरला की वरचे पाणी वाहून जाते, म्हणजे काल वापरले नाही म्हणून आज दुप्पट मागता येत नाही. धार म्हणजे मंजूर वेग, आणि रांजणाचे आकारमान म्हणजे एका दमात किती घाई चालेल याची मुभा.

वेग सेकंदाला ८० लाख बिट ठेवला असे धरू. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा सेकंदाला १० लाख बाइट, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात १,००० बाइट. रांजण ३०,००० बाइटांचा. १,५०० बाइटांची वीस पुडकी लागोपाठ आली की रांजण रिकामा. वेगवान तारेवर, म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिट नेणाऱ्या तारेवर, हे सारे सेकंदाच्या चार हजाराव्या भागात उरकते! एकविसावे पुडके बाद होते. पाठविणारे यंत्र समजते की वाट तुंबली, आणि आपला वेग एकदम खाली आणते. पोच परत यावयास सेकंदाचा विसावा भाग लागत असेल, तर मंजूर वेग पुरता वापरण्यासाठी ५०,००० बाइट वाटेत असावे लागतात. आपला रांजण त्याहून लहान. म्हणून पैसे पूर्ण वेगाचे आणि पदरात त्याहून कमी, अशी तक्रार येते, आणि बिचाऱ्या तारेला दोष मिळतो.

दुसरी ठेच मापांची. पुष्कळ स्विचांत वेग बिटांत आणि रांजण बाइटांत सांगावयाचा असतो. वेगाच्या जागी बाइटांचा आकडा लिहिला की आठवा हिस्साच हाती येतो.

आजीबाईंच्या बोलण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. जुन्या टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात, म्हणून कित्येकजण तेवढीच मर्यादा घालतात. परंतु आवाज सेकंदाला ५० पुडक्यांनी जातो. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्ता वगैरे. हिशेब ८०,००० बिटांवर जातो. ६४,००० ची मर्यादा घातली की दर पाचवे पुडके गळाले, आणि चालू संभाषणात गळालेला शब्द पुन्हा मागवून काय उपयोग?

मग आवाजाला अग्रमान द्यावा, हे ओघानेच आले. पुडक्याच्या कपाळी त्यासाठी सहा बिटांची जागा आहे. तिचा हा उपयोग १९९८ साली ठरला. ६४ खुणा संभवतात, त्यांतली ४६ ही आवाजाची. पण ही खूण कोणाचेही यंत्र आपणहून लावू शकते! रुग्णवाहिकेचा भोंगा प्रत्येकाने बसविला तर खऱ्या रुग्णवाहिकेला वाट कोण देणार? यासाठी शिपाई घराला लागून असलेल्या पहिल्याच स्विचावर उभा करावा, आणि ४६ चा शिक्का मिरविणाऱ्या वाहतुकीलाही मर्यादा घालावी.

हे सारे आपण आपल्या आवारात करतो तोवर ठीक. इंटरनेट विकणाराच कोणाची पुडकी टाकावयाची हे मर्जीने ठरवू लागला तर? आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ साली मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, आणि मजकुरामजकुरांत भेदभाव करू नये हे तत्त्व २०१८ साली सरकारने स्वीकारले. वाजवी वाहतूक-व्यवस्थेला मात्र मुभा ठेवली आहे. वाजवी कशाला म्हणावे यावर वाद होतच राहणार.

गृहसंस्थेच्या चिटणिसांना माझे सांगणे एवढेच, की पहिले आठ दिवस जादा पुडकी टाकून देऊ नयेत, त्यांची खूण तेवढी उतरवावी. मर्यादेबाहेर किती गेली याची मोजदाद स्विच स्वतःच ठेवतो. ती रोज रात्री वाचावी, आणि मगच आकडे कायम करावेत.