नॅस बंद पडला? डिस्कला हात लावण्याआधी अडॅप्टर तपासा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी टेबलावर एक काळा अडॅप्टर आणि गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब घेऊन बसले होते. व्हिडिओत आकडे पटकन पुढे जातात, म्हणून तोच विषय इथे लिहून ठेवते. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा निवांत वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी एक ओळ. नॅस म्हणजे दुकानाच्या किंवा घरच्या राउटरला जोडलेली फाईलींची तिजोरी. आत एक-दोन हार्डडिस्क असतात आणि सगळ्या कॉम्प्युटरवरून, मोबाईलवरून त्यातल्या फाईली उघडता येतात. माझं पेणला छपाई-स्टेशनरीचं दुकान आहे, रोह्याला छोटी शाखा. दोन्हीकडची डिझाइन्स आणि बिलं या एकाच डब्यात राहतात.

नेमकं काय झालं

गणपतीच्या आधीचा महिना. पेणमध्ये हा महिना म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मूर्तिशाळांची बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं, बॅनर, सगळं एकदमच. सकाळी दुकान उघडलं तर नॅस चालू होईना. म्हणजे दिवा लागायचा, आतली डिस्क घुंई करून फिरायला लागायची, टिक्‌ असा आवाज यायचा आणि सगळं बंद. दहा सेकंदांनी पुन्हा तेच.

आमचा मुलगा म्हणाला, "ताई, डिस्क गेली वाटतं." माझ्या पोटात गोळाच आला. एकाला फोन केला, तर त्याने न बघताच डेटा काढून द्यायचे वीस-पंचवीस हजार सांगितले, वर "खात्री नाही" हेही.

घाबरून मी दोन चुका केल्या. त्या तुम्ही करू नका.

पहिली चूक: ड्रॉवरमध्ये सीसीटीव्हीचा एक जुना अडॅप्टर होता. पिन बसली, व्होल्टही १२च होते, म्हणून लावून दिला. तो २ अँपिअरचा होता. नॅस पुन्हा तसाच चालू-बंद, चालू-बंद. म्हटलं, दोन-दोन अडॅप्टर कसे खराब असतील? म्हणजे नक्की डिस्कच गेली!

दुसरी चूक: डिस्क बाहेर काढून दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडली. विंडोजने लगेच विचारलं, ही डिस्क इनिशियलाइज करायची का? मुलाचा माउस 'ओके'वर गेला होता. मी त्याचा हात धरला, तेवढंच त्या दिवशी मी शहाणपणाचं केलं. बहुतेक नॅस आतून लिनक्सवर चालतात, त्यामुळे त्यांच्या डिस्कची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणजे डिस्क रिकामी आहे असं नाही. पण आपण 'हो' म्हटलं आणि पुढे फॉरमॅट केलं, की चांगली डिस्क आपणच बिघडवून बसतो.

रोह्याच्या काकांचा बल्ब

त्या दिवशी माझा रोह्याचा वार होता. नॅस पेणलाच ठेवला, त्याचा मूळ अडॅप्टर पर्समध्ये टाकला. रोह्याच्या शाखेजवळ एक इलेक्ट्रिशियन काका बसतात, त्यांना दाखवला. त्यांनी मल्टिमीटर लावला. १२.१ व्होल्ट.

मी म्हटलं, "म्हणजे अडॅप्टर चांगला आहे."

काका हसले. "रिकाम्या हाताने सगळेच पैलवान असतात, ताई. ओझं देऊन बघू."

त्यांनी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब अडॅप्टरला जोडला. असा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. अडॅप्टरवर लिहिलं होतं ५ अँपिअर, म्हणजे त्याला हे काहीच नाही. पण बल्ब मिणमिणला आणि मीटर आठच्या खाली आला. गेला होता तो अडॅप्टर. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं.

असं का होतं?

अडॅप्टर २३० व्होल्टच्या एसी विजेचं १२ व्होल्ट डीसी करतो. आतले कपॅसिटर ही वीज साठवून एकसारखी ठेवतात. उष्णतेने हे कपॅसिटर हळूहळू सुकतात. नॅस चोवीस तास चालू म्हणजे वर्षाला ८,७६० तास, तीन वर्षांत २६ हजारांच्या वर. त्यात आपण अडॅप्टर कपाटामागे, वायरींच्या गुंत्यात, धुळीत टाकून देतो. कोकणातली हवा वेगळीच.

कपॅसिटर कमजोर झाला तरी दिवा लावण्यापुरती वीज मिळते. खरी परीक्षा डिस्क फिरायला लागते तेव्हा. स्थिर चाकाला पहिला धक्का देताना जास्त जोर लागतो, तसंच. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, नंतर बरंच कमी. दोन डिस्क असतील तर सुरुवातीलाच ४ अँपिअरच्या आसपास. अडॅप्टर तेवढं देऊ शकला नाही की व्होल्टेज पडतं, डिस्क थांबते, डबा पुन्हा सुरू होतो. आता कळलं ना, माझा २ अँपिअरचा सीसीटीव्हीवाला का चालला नाही? तो खराब नव्हता, अपुरा होता.

नवीन अडॅप्टर घेताना चार गोष्टी जुळवा

जुन्या अडॅप्टरच्या लेबलचा फोटो काढा. 'आउटपुट' लिहिलेली ओळ बघा.

१. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. १२ म्हणजे १२. लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा १९ व्होल्टचा असतो आणि काहींची पिन नॅसमध्ये बरोबर बसते! बऱ्याच थर्मल बिल प्रिंटरचा २४ व्होल्टचा असतो. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेल असं नाही. जास्त व्होल्ट गेले तर डबाही जाईल आणि डिस्कही.

२. अँपिअर तेवढे किंवा जास्त. ५ लिहिलं असेल तर ५ चालेल, ६ही चालेल, कारण डबा लागेल तेवढंच ओढतो. ३ चालणार नाही.

३. पोलॅरिटी. लेबलवर गोल आणि मध्ये ठिपका अशी छोटी आकृती असते. मधल्या ठिपक्याला अधिक चिन्ह जोडलेलं असेल तर नव्यावरही तसंच हवं. उलटं लागलं तर नुकसान.

४. पिनचं माप. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटरच्या दिसतात, पण आतलं छिद्र २.१ की २.५, हा फरक असतो. २.५ची पिन २.१च्या जागेवर सैल बसते आणि जरा धक्का लागला की वीज तुटते. चार डिस्कच्या काही नॅसना चार काट्यांची वेगळी पिन असते, तिथे कंपनीचाच अडॅप्टर घ्या.

आणि एक, बीआयएसचं चिन्ह बघा. त्याखाली 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. मी पनवेलहून मागवला, साडेआठशे रुपयांना. दुसऱ्या दिवशी दुपारी नॅस सुरू. एकही फाईल गेली नव्हती.

जुना अडॅप्टर उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं, प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतं.

सुरू झाल्यावर लगेच हे करा

वीज अशी मध्येच तुटल्यावर नॅस स्वतःच डिस्कची तपासणी करू शकतो. त्याला काही तास लागू शकतात, मध्ये बंद करू नका. मग सेटिंगमध्ये डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट बघा. आणि त्याच दिवशी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. नवीन अडॅप्टर लावूनही तेच चालू राहिलं, तर पुन्हा-पुन्हा चालू करून बघू नका. तिथे थांबा आणि जाणकाराकडे न्या.

"माझ्या नॅसमध्ये दोन डिस्क आहेत, एकीची नक्कल दुसरीवर होते, मला बॅकअप कशाला?" असं बरेच जण विचारतात. अहो, दोन्ही डिस्कना वीज एकाच अडॅप्टरमधून येते! शिवाय चुकून डिलीट केलेली फाईल दोन्हीकडून जाते. ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पत्रे उडाले, घराघरात पाणी गेलं. डबा आणि बॅकअप एकाच छताखाली असतील तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून माझी एक प्रत आता रोह्याला असते आणि महत्त्वाचं तेवढं ऑनलाइन.

बिलांचं तर कायद्यानेच बंधन आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. अडॅप्टर जळला, हे कारण तिथे चालत नाही.

धंद्याचा धडा

आपण लाखाचं मशीन घेताना दहा ठिकाणी चौकशी करतो. पण दुकान बंद पाडते ती आठशे रुपयांची वस्तू, कारण तिच्याकडे कोणाचं लक्षच नसतं.

आज दुकान बंद करण्याआधी पंधरा मिनिटं काढा. वहीच्या एका पानावर राउटर, डीव्हीआर, बिल प्रिंटर, नॅस, प्रत्येकाच्या अडॅप्टरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिन लिहा. प्रत्येक अडॅप्टरवर कागदी टेप लावून मशीनचं नाव लिहा. मग स्वतःला विचारा: यातला कोणता गेला तर उद्या गिऱ्हाईक परत जाईल? त्या एकाचा जोड आजच आणून ठेवा. ऐन सीझनचा दीड दिवस माझा वाया गेला, दोन मंडळांची कामं दुसरीकडे गेली. तो खर्च साडेआठशेपेक्षा कितीतरी जास्त होता.

तुमच्या वहीतलं ते पान तयार झालं की कमेंटमध्ये सांगा, तुमच्या दुकानात कोणता अडॅप्टर सगळ्यात जुना निघाला. भेटू पुढच्या व्हिडिओत.