चौकटीत आलेला कष्टकरी

युरोपातील चित्रकलेचे नाव काढले की आपल्याला मोनालिसा आठवते, नाहीतर येशू-मेरीची आणि राजा-राण्यांची चित्रे आठवतात. ही चित्रे थोर आहेत यात शंका नाही. पण त्या राजांचे वाडे ज्यांनी बांधले, त्यांच्या ताटातले धान्य ज्यांनी पिकवले, ती माणसे चित्रांत कुठे होती? काही सन्माननीय अपवाद सोडले, तर ती कोपऱ्यात होती, किंवा लहानशा चित्रात मौजेचा विषय म्हणून होती. फ्रान्सच्या कला-अकादमीने तर विषयांची उतरंडच लावली होती. धर्म, पुराणकथा आणि इतिहास सर्वांत वर, साध्या माणसांचे रोजचे जीवन खाली. भव्य चित्र काढायचे ते वरच्या विषयांचेच. ही उतरंड कशी मोडली गेली, ते आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत.

१८४९ साली गुस्ताव कूर्बे या फ्रेंच चित्रकाराने ‘खडी फोडणारे’ हे चित्र काढले. रस्त्याच्या कडेला काम करणारी दोन माणसे त्यांनी पाहिली आणि त्यांनाच आपल्या चित्रशाळेत बोलावले. चित्रात एक म्हातारा गुडघा टेकून हातोडा चालवतो आहे. फाटक्या सदऱ्यातला एक पोरगा दगडांनी भरलेली पाटी पेलतो आहे. दोघांचेही चेहरे नीट दिसत नाहीत. पोराचे पुढे काय होणार, हे म्हाताऱ्याकडे पाहिले की कळते. हे चित्र अडीच मीटरांहून अधिक रुंद होते. त्याच सुमारास कूर्बे यांनी आपल्या ऑर्नां गावातील एका दफनविधीचे सहा मीटरांहून रुंद चित्र काढले. १८५०-५१ च्या पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात ही चित्रे लागली आणि गदारोळ उठला. टीकाकारांना ही माणसे कुरूप वाटली. खरे दुखणे हे होते की राजाची जागा मजुराला आणि गावकऱ्याला मिळाली होती. पुढे ही चळवळ ‘वास्तववाद’ म्हणून ओळखली गेली.

कूर्बे यांना आयुष्यात जबर किंमत मोजावी लागली. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये ते सामील झाले. त्या काळात नेपोलियनचा विजयस्तंभ पाडला गेला, म्हणून त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. नंतर स्तंभ पुन्हा उभारण्याचा तीन लाख तेवीस हजार फ्रँकांचा खर्चही त्यांच्यावर लादला गेला, दरसाल दहा हजारांच्या हप्त्याने! आम्ही पडलो कारकुनी पेशातले, म्हणून हिशेब मांडून पाहिला. ५८ वर्षांच्या माणसाने ९१ व्या वर्षापर्यंत हप्ते भरायचे होते. पहिल्या हप्त्याच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर १८७७ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

झाँ-फ्रान्स्वा मिले हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. १८५७ साली त्यांनी सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे गोळा करण्याची मुभा तिकडेही गरिबांना असे. दोघी पार वाकलेल्या आहेत, तिसरी अर्धवट. लांबवर धान्याच्या भल्यामोठ्या गंजी आणि घोड्यावर बसलेला मुकादम. पीक कुणाचे आणि मूठभर कणसे कुणाची, हे सांगायला शब्द लागत नाहीत. १८४८ ची क्रांती ताजी होती, त्यामुळे पॅरिसच्या धनिकांना या वाकलेल्या बायकांचीसुद्धा धास्ती वाटली!

याच मिलेंना गुरुस्थानी मानणारे व्हिन्सेंट व्हॅन गॉग. १८८५ साली हॉलंडमधील न्यूनन गावी त्यांनी ‘बटाटे खाणारे’ हे चित्र काढले. टांगलेल्या दिव्याच्या उजेडात पाच जणांचे शेतकरी कुटुंब उकडलेले बटाटे खात बसले आहे. हात राकट, गाठाळ आहेत. ज्या हातांनी माती खणली तेच हात ताटात आहेत, हे अन्न घामाने कमावलेले आहे, असे त्यांनी भाऊ थिओला पत्रातून कळवले होते. चित्र सुबक करण्याचा मोह त्यांनी मुद्दाम टाळला.

मात्र एक प्रश्न उरतोच. मजुराचे चित्र मजुराला कुठे पाहायला मिळणार? याचे उत्तर जर्मनीच्या केटे कोलविट्झ यांनी शोधले. त्यांचे पती बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होते, त्यामुळे कामगार स्त्रियांचे दुःख त्या रोज पाहत होत्या. त्यांनी छापचित्रांचा मार्ग धरला. एका ठशावरून अनेक प्रती निघतात, म्हणून ती स्वस्त पडतात. सायलेशियातील विणकरांनी १८४४ साली उठाव केला होता. त्या विषयावरची त्यांची सहा चित्रे १८९८ साली बर्लिनच्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांनी पदकाची शिफारस केली, पण कैसरने ती फेटाळली. पुढे प्रशियाच्या कला-अकादमीत प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९३३ साली नाझींनी त्यांना तेथून बाहेर काढले.

कूर्बे यांचे ‘खडी फोडणारे’ १९४५ साली ड्रेस्डेनवरील बॉम्बहल्ल्यांच्या वेळी नष्ट झाले. आज त्याची छायाचित्रेच उरली आहेत. तरीही ती दोन माणसे जगाला माहीत आहेत, आणि त्या काळच्या कित्येक सरदारांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

वाचकहो, कला ही फक्त शिकल्यासवरलेल्यांची मिरास नाही. घरात मुलांसोबत एखादे चित्र पाहाल तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. मध्यभागी कोण आहे? कोपऱ्यात कोण आहे? आणि चित्रात कोण नाहीच? हे पाहायला पदवी लागत नाही. आपल्या मुलांना ही नजर द्यावी, एवढेच आमचे सांगणे.