शाळेची बस : दंडाची दोन खाती

ई-चलानच्या दंडवसुलीविरुद्ध राज्यातील मालवाहतूकदारांनी जुलै २०२५ च्या आरंभी बेमुदत संपाची हाक दिली, तेव्हा शालेय बसमालकांच्या संघटनेनेही त्यात उतरण्याची घोषणा केली होती. शासनाशी चर्चा झाल्यावर शाळेच्या बसचा संप स्थगित झाला आणि पालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. परंतु संप टळला म्हणजे प्रश्न सुटला, असे नव्हे. बसमालकांच्या मागण्या, मुलांची सुरक्षितता आणि इतर नागरिकांची सोय यांचा मेळ घालण्याचे काम शिल्लकच आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात ते अधिकच निकडीचे ठरते.

प्रथम बसमालकांची बाजू पाहू. शाळेची बस ही थांबण्यासाठीच धावते. सोसायटीच्या दारात थांबायचे, मुलाला चढवायचे, पुन्हा शाळेच्या फाटकाशी थांबून सर्वांना उतरवायचे. अनेक शाळांच्या बाहेर बसला उभे राहण्यास अधिकृत जागाच नाही. मग त्याच थांब्याबद्दल चलान निघते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील अशा किरकोळ अपराधाला प्रथम ५०० व पुढील प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. भोसरी, मोशी, चाकण या पुणे-नाशिक मार्गावर कंटेनर, कामगारांच्या बसेस आणि शाळेच्या गाड्या सकाळी एकाच रस्त्यावर येतात. तेथे मूल सुरक्षित उतरावे म्हणून दोन मिनिटे थांबलेल्या चालकाला दंड होणे, हे न्यायाला धरून नाही. धंद्यातील माणसाला हे वेगळे सांगायला नको. दुकानासमोर माल उतरवणाऱ्या टेम्पोची अडचण आपण रोजच पाहतो.

खर्चाची बाजूही खरी आहे. राज्याच्या २०११ च्या शालेय बस नियमावलीने वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि महिला मदतनीस यांची अपेक्षा ठेवली आहे. हे सारे पाळणाऱ्या बसची स्पर्धा मात्र यातले काहीच न पाळणाऱ्या खासगी व्हॅनशी असते. नियम पाळणाऱ्यालाच महाग पडावे आणि मोडणाऱ्याला गिऱ्हाईक मिळावे, असा हा बाजार आहे.

तरीही ‘सरसकट सर्व चलाने माफ करा’ ही मागणी मान्य करता येत नाही. याचे कारण पैशात नाही. चलान हा जसा दंड आहे, तशीच ती नोंदही आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळून पंचवीसहून अधिक मुले दगावली. त्यानंतर दिल्लीच्या वाहतुकीसंबंधी आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने चालकाचा पूर्वेतिहास हीच कसोटी ठरवली. सिग्नल तोडण्यासारख्या अपराधांसाठी वर्षात दोनहून अधिक वेळा चलान झालेला, किंवा अतिवेगाचा अथवा मद्यपान करून गाडी चालवण्याचा एकदाही आरोप झालेला चालक शाळेच्या बसवर नको, असे त्या आदेशाचे सार आहे. बँकेत कर्जदाराचा पूर्वेतिहास पाहिल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. येथे तर आपण पोटचे मूल हवाली करतो. सरसकट माफी दिली, की तो इतिहासच पुसला जातो.

येथे एक उणीव लक्षात घेतली पाहिजे. कॅमेऱ्याने टिपलेले ई-चलान वाहनाच्या क्रमांकावर निघते आणि मालकाच्या नावे जाते. त्या दिवशी गाडीवर कोण चालक होता, याचा त्यात पत्ता नसतो. मालक दंड भरतो किंवा थकवतो. चालक मात्र पुढच्या वर्षी दुसऱ्या मालकाकडे कोऱ्या पाटीने रुजू होतो. म्हणून प्रत्येक बसमागे रोजची चालकनोंदवही हवी आणि प्रत्येक चलान त्या नोंदवहीशी ताडून पाहायला हवे. हिशेबाची सवय असलेल्या कोणालाही हे अवघड नाही.

तेव्हा मार्ग आहे तो दंडाची दोन खाती करण्याचा. पहिल्या खात्यात थांब्याचे दंड. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरती थांब्याची जागा महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी आखून द्यावी. जेथे अशी जागा नव्हती, तेथील जुन्या दंडांचा सहानुभूतीने फेरविचार व्हावा. दुसऱ्या खात्यात अतिवेग, सिग्नल तोडणे, चालवताना मोबाइल आणि क्षमतेहून अधिक मुले. या खात्यात सूट नाही, तडजोड नाही, संपाच्या धाकाने तर नाहीच. बसमालक संघटनेने स्वतःच ही विभागणी मांडली, तर पालकांची सहानुभूती तिच्या बाजूने उभी राहील.

आता आपल्याकडे वळू. आपल्या समाजातील अनेक श्रावक शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत. चिंचवडच्या श्री फत्तेचंद जैन विद्यालयासारख्या संस्था समाजानेच उभ्या केल्या. शाळेचे मैदान सकाळ-दुपार अर्धा तास बससाठी उघडले, तर रस्त्यावरील निम्मी कोंडी आणि बहुतेक चलाने आपोआप टळतील. एका बसमागे तीस-चाळीस दुचाकी आणि मोटारी फाटकाशी येत नाहीत, हा लाभ शेजारच्या दुकानदारालाही होतो. २०११ च्या नियमावलीनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. ती कागदावर न राहता दर सत्रात बसली आणि नोंदवही व चलाने तिच्यासमोर आली, तर बरेच साधेल.

पालक म्हणूनही आपण निर्दोष नाही. महिन्याचे चार-पाचशे रुपये वाचावेत म्हणून बस सोडून भरगच्च व्हॅनचे काका शोधणारे आपणच असतो. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ सांगितले आहे. मुक्या जनावरावरही त्याच्या शक्तीबाहेर भार लादू नये, म्हणून आचार्यांनी तो दोष मानला. मग सहा आसनांच्या गाडीत बारा मुले कोंबणे हा दोष कसा नव्हे? कायदाही तेच सांगतो. प्रवासी वाहनात परवानगीहून अधिक बसवलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे २०० रुपये दंड आहे, आणि जादा प्रवासी उतरवून त्यांची पर्यायी सोय झाल्याशिवाय ते वाहन पुढे नेता येत नाही. पायाखालचा जीव दुखावू नये म्हणून चार हात पुढची भूमी पाहून चालण्याची ईर्यासमिती आपले साधू-साध्वी पाळतात. चाकांवर चालणाऱ्याची जबाबदारी तर त्याहून मोठी आहे.

पुढच्या पालकसभेत शुल्कवाढीवर वाद घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. परिवहन समितीची शेवटची बैठक कधी झाली? आमच्या बसवर गेल्या वर्षी कोणती चलाने झाली आणि तेव्हा चालक कोण होता? गाडीच्या नोंदणीत किती आसने आहेत आणि प्रत्यक्षात मुले किती बसतात? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे देणाऱ्या बसमालकाने रास्त वाढ मागितली, तर ती घासाघीस न करता द्यावी.