पिंजरा रिकामा झाला, तर लेकराशी काय बोलावे?

मार्च-एप्रिलमध्ये आपल्या मानवतला ऊन तापायला लागले की पत्र्याच्या घरांत ही गोष्ट हमखास घडते. सकाळी चिवचिव करणारा लव्हबर्ड दुपारी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडलेला दिसतो. घरातले मोठे म्हणतात, "अरे, चिडियाच तर होती, दुसरी आणू." लेकरू मात्र दोन दिवस धड जेवत नाही. वर्गात असे मूल लगेच ओळखू येते. वही उघडी असते, पण लक्ष कुठे तरी दुसरीकडेच.

प्रेषित मुहम्मद (स.) अशा वेळी काय करत, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेल्या एका प्रसंगातून दिसते. ह. अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. त्याला 'नुगैर' म्हणत. तो पक्षी मेला. प्रेषित (स.) घरी आले तेव्हा मूल उदास होते. कारण समजल्यावर आपण त्या लहानग्याला मोठ्या माणसासारखे कुनियतने, म्हणजे 'अबू उमैर' म्हणून हाक मारली आणि यमक जुळेल अशा शब्दांत त्याच्या नुगैरची विचारपूस केली. एवढ्या एका हदीसवर चौथ्या हिजरी शतकात इब्नुल कास या शाफई आलिमांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तिच्यातून साठ फायदे काढले. पक्षी पाळणे जायज आहे, पण दाणा-पाणी आणि काळजी घेण्याच्या अटीवर, हेही उलमा याच हदीसवरून सांगतात.

माझ्या मते यातली सर्वांत मोठी गोष्ट विचारपूस हीच आहे. लेकराला पक्ष्याचे नाव घेऊन विचारा: तो कसा ओरडायचा, कुणाच्या बोटावर बसायचा. "उडून गेला" असे खोटे सांगू नका. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मेलेला जीव परत येत नाही हे नीट कळत नाही, त्यामुळे ती रोज खिडकीत वाट बघत बसतात. "झोपला" असेही म्हणू नका, मग स्वतःच झोपायला घाबरतात. आठ-दहा वर्षांची मुले वेगळाच विचार करतात: "काल पाणी बदलायचे राहिले, म्हणूनच मेला." हे ओझे ती कुणाला सांगत नाहीत. अम्मी-अब्बांनीच विषय काढायला हवा. रडू आले तर रडू द्या. प्रेषित (स.) यांच्या डोळ्यांतही मुलगा इब्राहीम यांच्या निधनावेळी अश्रू आले होते. अश्रू सब्रच्या विरुद्ध नाहीत.

मग तो एकाएकी मेला कशाने? पक्षी आजार लपवतात. थव्यात अशक्त दिसणारा शिकारी प्राण्याच्या तोंडी जातो, म्हणून शेवटपर्यंत ते ठणठणीत असल्याचे दाखवतात. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरले असतील, तर त्याला उष्णता सहन होत नाहीये असे समजावे. आणखी एक कारण स्वयंपाकघरात असते. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, आपल्याला वासही जाणवत नाही. मच्छर कॉइल, लोबान, अगरबत्ती यांचा धूरही त्यांच्या नाजूक फुफ्फुसांना सोसत नाही. पिंजरा अशा जागी टांगू नये. लेकराला खरे कारण कळले की "माझ्यामुळे" हा विचारही बहुधा मागे पडतो.

दफनाचे म्हणाल, तर पक्ष्याची जनाजा नमाज नसते. पण त्याला उकिरड्यावर फेकू नये. माणसाला पुरायला शिकवले ते एका कावळ्याने, हे कुरआनच्या सूरह माइदामध्ये आलेच आहे. हाताला पिशवी बांधून, कुत्र्या-मांजरांनी उकरू नये इतका खोल खड्डा करून पुरा. मूल माती टाकायला आले तर येऊ द्या, फक्त पक्ष्याला हात लावू देऊ नका, आणि नंतर सर्वांनी साबणाने हात धुवा.

एकापाठोपाठ दोन-चार पक्षी किंवा कोंबड्या मेल्या तर मात्र प्रकरण वेगळे. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे 800 कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळला गेले आणि बर्ड फ्लू निघाला. नंतर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मानमोडीनेही अशीच मर होते. अशा वेळी न पुरता, न हात लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

नवा पक्षी त्याच दिवशी आणू नका. लेकराला ते "त्याची जागा भरली" असे वाटते. पिंजरा साबणाच्या पाण्याने धुऊन दोन-तीन आठवडे उन्हात राहू द्या, तोवर मूलच काय ते सांगेल. आणायचाच ठरला तर आपला देशी हिरवा पोपट आणू नये, वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो पाळणे गुन्हा आहे. बाजारात ज्याला आपण लव्हबर्ड म्हणतो तो बहुधा मूळचा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर असतो, आणि तो एकटा राहिला तर खंगतो, म्हणून जोडीच आणा.