झोतातली ज्योत

बेटेगावहून बोईसरला जाताना गॅस-वेल्डिंगचे दुकान दिसले, तर दुरूनच पाहा. वायू फार जोराने सोडला की ज्योत नळीच्या तोंडापासून सुटते आणि फट्‌दिशी विझते. ज्योत वायूकडे जितक्या वेगाने सरकते, त्याहून अधिक वेगाने वायू तिला पुढे ढकलतो.

नाशिकजवळ ओझरला बांधलेल्या सुखोई-३० विमानांच्या आफ्टरबर्नरमध्ये हीच अडचण कितीतरी मोठी असते. टर्बाइनमधून सुटलेल्या वायूत बराच ऑक्सिजन उरतो. त्यात पुन्हा इंधन फवारून पेटवले की इंजिनाचा जोर सुमारे दीडपट होतो. पण हा झोत सेकंदाला १०० मीटरहून वेगाने धावतो; केरोसीन-हवेच्या शांत मिश्रणात ज्योत सेकंदाला अर्धा मीटरही सरकत नाही!

सूर्या नदीत धारेतल्या दगडामागे पान गोल फिरत राहते, वाहून जात नाही. तसा आडोसा म्हणून आफ्टरबर्नरमध्ये इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या पन्हळी, टोक झोताकडे करून, बसवतात. त्यांच्यामागच्या भोवऱ्यात तापलेला वायू घुटमळतो आणि शेजारून जाणारे ताजे मिश्रण सतत पेटवत राहतो. मात्र त्या आडोशापाशी मिश्रणाला पेटण्यापुरती सवड मिळाली पाहिजे. उंचावर हवा विरळ, म्हणून सवडही जास्त हवी. पन्हळ रुंद केली की ती मिळते. पण आफ्टरबर्नर बंद असतानाही ती रुंद पन्हळ झोताची वाट अडवते आणि इंजिनाचा जोर खात बसते.