खडकावर रांगणारी गाडी
पहिली गाडी आणि तिची बॅटरी कशी निवडावी?



पुण्याहून पौडमार्गे मुळशीकडे निघालात आणि ताम्हिणी घाटाच्या वाटेला लागलात, की जागोजागी काळा कातळ डोके वर काढताना दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा बेसॉल्ट बनला. हा खडक ऊनपावसाने झिजला, तडकला, ओढ्यांतून गडगडत गेला. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या एखाद्या ओढ्यात लहानमोठे धोंडे कसे पडलेले असतात, हे मुळशीच्या मुलांना सांगायला नको.

अशा ओढ्यात रिमोटवर चालणारी साधी खेळण्यातली मोटारगाडी सोडली तर काय होईल? गुळगुळीत फरशीवर सुसाट पळणारी ही गाडी पहिल्याच धोंड्याला अडेल, नाहीतर उलटी होऊन चाके हवेत फिरवीत बसेल. पण दूरनियंत्रित गाड्यांची एक जात अशी आहे, की तिचे घरच मुळी खडकात! तिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. क्रॉल म्हणजे रांगणे. रांगते मूल जसे हात-गुडघे टेकीत, चाचपीत उंबरा ओलांडते, तशीच ही गाडी एकेक चाक उचलून टेकवीत धोंडा पार करते.

अशी गाडी घ्यावी असे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. वाढदिवसाचे पैसे साठवून किंवा चार मित्रांनी वर्गणी काढून ती घ्यायची, तर आधी तिच्यातले विज्ञान समजून घ्यायला हवे. खोक्यावरचे मोठे मोठे आकडे पाहून निवड केली तर पैसे वाया जाण्याचाच संभव अधिक. बॅटरीच्या बाबतीत तर चुकीची निवड धोक्याचीही ठरू शकते.

वेग नको, पीळ हवा

भरलेली एस. टी. घाट चढू लागली, की चालक खालचा गिअर टाकतो. इंजिन तेवढ्याच जोराने घुमत राहते, पण चाके सावकाश फिरतात. वेग कमी करून त्याच्या बदल्यात चाकाला फिरवण्याचे बळ, म्हणजे पीळ, वाढवून घेण्याचा हा व्यवहार आहे. रॉक क्रॉलर हा व्यवहार कायमचाच करून ठेवतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, गाडीची मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेते आणि दंतचक्रांची मांडणी अशी आहे, की मोटरचे ४० फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे चाक मिनिटाला ३०० किंवा सेकंदाला ५ फेरे घेईल. चाकाचा व्यास ११ सेंटीमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे ३४.५ सेंटीमीटर. यावरून गाडी सेकंदाला सुमारे १.७ मीटर, म्हणजे ताशी जेमतेम ६ किलोमीटर जाईल. झपझप चालणारा माणूस सहज तिच्याबरोबर राहील. पण चाकावरचा पीळ मात्र घर्षणातली तूट सोडली तर मोटरच्या जवळजवळ चाळीसपट! म्हणूनच गाडी निवडताना ‘ताशी किती किलोमीटर?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘सगळ्यांत हळू किती चालते, आणि हळू चालताना धक्के तर देत नाही ना?’ हा खरा प्रश्न.

हळू चालण्याचे मोल चंद्रावरही कळले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले आणि त्यातून २६ किलोग्रॅम वजनाची, सहा चाकांची प्रज्ञान गाडी बाहेर पडली. तिचा वेग होता सेकंदाला सुमारे १ सेंटीमीटर. २७ ऑगस्टला तिच्यापुढे ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचे विवर आले. तिला माघारी वळण्याची आज्ञा दिली गेली आणि ती सुखरूप दुसऱ्या वाटेने गेली. अनोळखी खडकाळ जमिनीवर घाई करणाऱ्याला ही सवड मिळत नाही.

हवेत लटकलेले चाक

चिखलात रुतलेली रिक्षा तुम्ही पाहिली असेल. एक चाक चिखलात गरगर फिरते, दुसरे कोरड्या जमिनीवर असूनही स्वस्थ उभे! याचे कारण डिफरन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरण्याची मोकळीक देणारी ही दंतचक्रांची पेटी असते. रस्त्यावर ती फार उपयोगी, पण एक चाक निसटते झाले की हीच मोकळीक अंगाशी येते.

भाताच्या खाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला यासाठी डिफरन्शियल लॉक असतो. तो दाबला की दोन्ही चाके एकजुटीने फिरतात. रॉक क्रॉलरमध्ये पुढची आणि मागची अशा दोन्ही जोड्या बहुधा कायमच्या जखडलेल्या असतात. त्यामुळे एक चाक हवेत लटकले तरी त्याच आसावरचे दुसरे चाक खडकाला धरून गाडी ओढते. दुकानात हे तपासणे सोपे आहे. गाडी बंद असताना ती उचलून पुढचे एक चाक हाताने फिरवून पाहा. त्याच्या जोडीदाराने त्याच दिशेने फिरायला हवे. दोन्ही जागच्या जागी अडून राहिली तर तेही चांगलेच लक्षण. पण एक चाक पुढे आणि दुसरे उलट फिरले, तर लॉक नाही असे समजावे.

टायर आणि गुरुत्वमध्य

चढ चढताना गाडी दोन प्रकारे हरते: घसरून किंवा उलटून. घसरणे टायरच्या हाती. क्रॉलरचे टायर मऊ रबराचे असतात. आत दाबलेल्या हवेऐवजी स्पंज भरलेला असतो, म्हणून टायर दगडाच्या कंगोऱ्यावर दबून त्याला मिठी मारतो. टायर आणि कोरडा दगड यांचा घर्षणांक १ असेल तर गाडी ४५ अंशांपर्यंतच्या चढावर तग धरू शकते, कारण ४५ अंशांचा टॅन १ असतो. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ धरले, की हा अंक एकदम खाली येतो.

उलटणे मात्र गुरुत्वमध्याच्या हाती. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर २० सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ९ सेंटीमीटर उंच असेल, तर आडव्या उतारावर गाडी सुमारे ४८ अंशांपर्यंत उलटणार नाही. तोच १२ सेंटीमीटरवर गेला तर मर्यादा सुमारे ४० अंशांवर उतरते. टपावर सामानाची जाळी, शिडी, जादा चाक लावलेली गाडी दिसते झोकदार, पण धोंड्यावर आधी तीच लोळण घेते! याच कारणाने बॅटरी शक्यतो खाली आणि पुढच्या बाजूस बसणारी गाडी चांगली. उभ्या चढावर पुढची चाके उचलली जाऊ नयेत, म्हणून पुढे थोडे वजन हवेच.

बादलीभर पाणी, मूठभर बॅटरी

आता बॅटरीकडे वळू. मुळशीच्या मुलांना ऊर्जेची साठवण म्हणजे काय, हे धरणाकडे बोट दाखवून सांगता येते. मुळशी जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली, सुमारे ५०० मीटर खोल असलेल्या भिऱ्याच्या वीजघरात नेले जाते. तेथे एक १५० मेगावॉटचे यंत्र असेही आहे, की वीज शिल्लक असताना ते खालचे पाणी पुन्हा वर चढवते आणि गरज पडली की त्याच पाण्यावर वीज निर्माण करते. म्हणजे हा जलाशय एक प्रचंड बॅटरीच झाला. या साठ्यासाठी मावळातील गावांनी आपल्या जमिनी गमावल्या. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. ऊर्जा कोठेही फुकट साठत नाही, हे येथील माणसांइतके कोणाला ठाऊक असणार?

आता तुमच्या मुठीतली बॅटरी घ्या. तिच्यावर ७.४ व्होल्ट, २,२०० मिलिअँपिअर-तास असे छापले आहे. ७.४ ला २.२ ने गुणले की १६.३ वॉट-तास, म्हणजे सुमारे ५८,६०० ज्यूल ऊर्जा मिळते. एक लिटर पाणी ५०० मीटर खाली पडले तर ४,९०० ज्यूल मोकळे होतात. म्हणजे मुळशीहून भिऱ्याला उतरणाऱ्या १२ लिटर पाण्याची, एका बादलीची, ऊर्जा या सव्वाशे ग्रॅमच्या वस्तूत कोंडलेली आहे! ती सावकाश बाहेर आली तर गाडी चालते. एकदम बाहेर आली तर आग लागते. बॅटरीचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

ही सगळी ऊर्जा केवळ चढण्यात खर्च झाली असती, तर २.२ किलोग्रॅमची गाडी सुमारे २,७०० मीटर उंच गेली असती, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईहून कितीतरी वर. प्रत्यक्षात बहुतेक ऊर्जा मोटर, दंतचक्रे आणि टायर तापवण्यात जाते. सरासरी ३ अँपिअर प्रवाह घेतला तर हिशोबाने ४४ मिनिटे मिळतात. शेवटचा पाचवा हिस्सा शिल्लक ठेवावा, म्हणजे ३५ मिनिटांचा खेळ धरून चालावे.

दोन जातींचे घट

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. निकेल-मेटल हायड्राइड घट प्रत्येकी १.२ व्होल्टचा. असे सहा जोडले की ७.२ व्होल्टची बॅटरी होते. ती जड असते, न वापरता ठेवली तर हळूहळू आपोआप उतरते, पण हाताळणीतल्या लहानसहान चुका बऱ्याच सोसते. लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो, घट ३.७ व्होल्टचा. दोन जोडले की ७.४ व्होल्ट. तेवढ्याच वजनात ती साधारण दुप्पट ऊर्जा साठवते. पण पूर्ण भरल्यावर तिच्या घटाने ४.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये आणि वापरताना ३ व्होल्टच्या खाली येता कामा नये. आतले द्रावण ज्वालाग्राही असते. घट फुगला, दबला किंवा त्याला भोक पडले, तर आतल्या आत मंडल जोडले जाऊन तो पेट घेऊ शकतो.

मग पहिली कोणती घ्यावी? हाताएवढ्या १/२४ किंवा १/१८ मापाच्या गाडीबरोबर बहुधा छोटी लिपो येतेच. तिचाच चार्जर वापरून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली तिच्यावर हात बसवा. १/१० मापाची मोठी गाडी घेत असाल आणि घरात बॅटरीकडे लक्ष देणारे कोणी नसेल, तर पहिले वर्ष निकेलच्या बॅटरीवर काढणे शहाणपणाचे. क्रॉलरला वेगाची गरज नसल्याने तुमचे फारसे अडणार नाही. तीन घटांची ११.१ व्होल्टची लिपो जास्त जोरदार असते हे खरे, पण गाडीच्या माहितीपुस्तिकेत परवानगी नसेल तर ती मोटर आणि नियंत्रक जाळून टाकील.

लिपोचे नियम पाठच करा:

१. लिपोसाठीच बनवलेला, प्रत्येक घट सारखा भरणारा बॅलन्स चार्जर वापरा. निकेलच्या सेटिंगवर लिपो कधीही लावू नका.
२. २,२०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी २.२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहाने भरू नका. खेळून आल्यावर ती निवू द्या, मग चार्जरला लावा.
३. शहाबादी फरशीवर, पडदे, गादी, कागद यांपासून दूर ठेवून भरा. लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका.
४. आठवडाभर खेळ नसेल तर प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका.
५. गाडीच्या वेगनियंत्रकावर बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असते. ती लिपोवर आहे ना, हे दर वेळी पाहा.
६. फुगलेली बॅटरी टोचू नका, केरात टाकू नका. ती ई-कचरा संकलनाच्या ठिकाणीच द्या.

दुकानात जाण्यापूर्वी

पैशांचे तीन वाटे करा: गाडी, बॅटरी, चार्जर. सगळे पैसे गाडीवर घालून मिळेल तो चार्जर उचलणे ही मोठी चूक. ‘चालवण्यास तयार’ असे खोक्यावर लिहिलेले असले तरी आत बॅटरी आणि चार्जर आहे का, हे विचारा. बॅटरीची पिन गाडीच्या पिनेशी जुळते का, ती खाचेत बसते का, हे मापून घ्या. सुकाणू फिरवणाऱ्या सर्व्होची दंतचक्रे धातूची आहेत का, तेही विचारा. चाक दोन दगडांत अडकले की सगळा ताण तेथेच येतो. सुटे भाग मिळणार नसतील तर ती गाडी स्वस्त असूनही महाग. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द शिंतोड्यांपुरताच धरा. मुळशीच्या पावसापुढे तो टिकेलच असे नाही.

आणि खेळायचे कोठे? अंगणात धोंडे मांडून किंवा शाळेच्या मैदानाच्या कडेला. ताम्हिणी अभयारण्य, जलाशयाचा काठ आणि पावसाळ्यातले ओढे ही या खेळाची जागा नव्हे.

करून पाहा

एका खरखरीत फळीवर बंद गाडी ठेवा. तिची चाके फिरू नयेत म्हणून दोऱ्याने बांधा. फळीचे एक टोक सावकाश उचला. गाडी घसरू लागताच थांबा, टोकाची उंची आणि पाया मोजा. उंची भागिले पाया हा तुमच्या टायरचा घर्षणांक. फळी ओली करून पुन्हा मोजा. नंतर गाडी आडवी ठेवा आणि ती कोणत्या कोनाला उलटू लागते ते पाहा. एकाने हात धरून तिला झेलावे. मग बॅटरीइतक्या वजनाचा दगड टपावर बांधून तोच प्रयोग करा.

शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न अवश्य विचारावा: गुरुत्वमध्य खाली आणण्यासाठी गाडीचे पोटच जमिनीलगत आणले तर काय बिघडेल? उत्तर शोधताना मुले कागद-पेन्सिल घेतीलच, पण एखादा धोंडाही उचलून आणतील. तसे झाले तर गाडी विकत घेण्यापूर्वीच तिचा निम्मा आनंद वर्गाला मिळाला असे समजावे.