खटक्याचे मतयंत्र

मत देणे हे एक काम. मत मोजणे हे दुसरे काम. मत देताना आपण एकटे असतो. मोजताना मात्र दुसऱ्याचा हात लागतो. तो हात सरळ असला तर ठीक. नाहीतर आपण दोन तास रांगेत उभे राहून दिलेले मत फुकट गेले म्हणून समजा.

हा मधला हातच काढून टाकावा आणि त्याच्या जागी यंत्र बसवावे, असे काही लोकांच्या मनात फार पूर्वी आले. तेव्हा घरोघर वीज नव्हती. संगणक तर नव्हताच. नुसते खटके, दांडे, स्प्रिंगा आणि दातेरी चाके यांच्या बळावर त्यांनी मते मोजून दाखवली. ती कशी, ते या धड्यात पाहू.

पहिली कल्पना इंग्लंडातली. साल १८३८. त्या काळी तिथे मत गुप्त नसे. सगळ्यांसमोर मोठ्याने उमेदवाराचे नाव घ्यावे लागे. जमीनदार ऐकतोय, कारखान्याचा मालक ऐकतोय. मग कुळाची काय छाती होणार मालकाविरुद्ध नाव घ्यायची? आणि गरीब कामकऱ्याला तर मतच नव्हते. म्हणून कामकऱ्यांनी मोठी चळवळ उभारली. तिला चार्टिस्ट चळवळ म्हणतात. त्यांच्या सहा मागण्या होत्या. त्यांतली एक गुप्त मतदानाची. मागण्यांच्या पुस्तिकेत त्यांनी एका यंत्राचे चित्रही दिले. बाथ गावच्या बेंजामिन जॉली याने ते योजले होते.

यंत्र असे. मतदाराला पितळेची एक गोळी द्यायची. त्याने आडोशाला जावे. तिथे पेटीवर प्रत्येक उमेदवाराच्या नावाचे एकेक भोक. हव्या त्या भोकात गोळी सोडावी. गोळी आत घरंगळताना चाकाला ढकलते, आणि त्या उमेदवाराचा आकडा एकाने वाढतो. मग गोळी पुढच्या बाजूने अधिकाऱ्यासमोर बाहेर पडते. मत पडले, एवढे सगळ्यांना दिसते. कोणाला पडले, ते दिसत नाही. तीच गोळी पुढच्या मतदाराला द्यायची. गोळी एक, म्हणून मत एक.

युक्ती छान होती, पण ती कागदावरच राहिली. इंग्लंडात गुप्त मतदान यायला १८७२ साल उजाडले, आणि ते आले कागदी मतपत्रिकेने.

गोळीचे मतदान मात्र जगात दुसरीकडे खरोखर चालले. आफ्रिकेत गांबिया नावाचा लहान देश आहे. तिथे इंग्रजांचे राज्य होते. पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून १९६० नंतरच्या काही वर्षांत तिथे काचेच्या गोट्यांनी मतदान सुरू झाले. प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा पिंप. त्यावर पक्षाचा रंग आणि चित्र. पिंपाच्या नळीत गोटी टाकली की आतली घंटी एकदा वाजते. दोनदा वाजली, तर बाहेरच्या अधिकाऱ्याला लबाडी कळते. म्हणून मतदानाच्या जागेजवळ सायकल आणायला बंदी! सायकलच्या घंटीने घोटाळा व्हायचा. गोट्या मोजायला भोके पाडलेल्या फळ्या असतात. फळी भरली की इतक्या गोट्या झाल्या, हे नजरेनेच कळते. २०२१ च्या डिसेंबरात तिथे अध्यक्षाची निवडणूक झाली, तीही गोट्यांनीच.

आपल्या देशातही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत असाच विचार झाला होता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने कागदावर काही लिहायचे नाही, फुली मारायची नाही. कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. त्या वेळच्या लाखो पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. पण त्या पेट्याच. मोजायचे काम माणसाच्याच हाताने होई.

आता अमेरिकेत जाऊ. खटक्याचे यंत्र जन्मले ते तिथे.

अमेरिकेत एकाच दिवशी एकाच मतदाराला कितीतरी जागांसाठी मते द्यावी लागतात. देशाचा अध्यक्ष, राज्याचा गव्हर्नर, आमदार, न्यायाधीश, थेट गावच्या अधिकाऱ्यापर्यंत. आपल्याकडे ग्रामपंचायतीला एका वॉर्डात सरपंच आणि दोन-तीन सदस्य निवडताना केवढी धांदल होते! तिथे तशी वीस-तीस नावे. पूर्वी पक्षच आपापल्या उमेदवारांच्या याद्या रंगीत कागदावर छापून वाटायचे. कोणता रंग हातात आहे, ते लांबूनही दिसायचे. गुप्तपणा कसला? शिवाय आदल्या रात्रीच पेटीत कागद भरून ठेवणे, मोजताना कागद फाडणे किंवा त्यावर जादा खूण करून तो बाद करणे, असले प्रकार सर्रास चालत.

सरकारने छापलेली एकच मतपत्रिका आणि तिच्यावर आडोशाला खूण, ही पद्धत ऑस्ट्रेलियात १८५६ पासून होती. ती १८८८ च्या सुमारास अमेरिकेने उचलली. गुप्तपणा आला. मोजणी मात्र हातानेच राहिली. मतपत्रिकांच्या मोजणीला आम्हीही बसलो आहोत. रात्री दोन वाजता, डोळे चुरचुरत असताना, शिक्का या रकान्यात की त्या रकान्यात यावर दोन पक्षांची माणसं भांडत असतात. असं भांडण वीस जागांसाठी वीस वेळा झालं, तर काय होईल ते तुम्हीच बघा.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात जेकब मायर्स नावाचा माणूस होता. तो तिजोऱ्या बनवी. चोराचा हात आत कुठून शिरतो हे ओळखणे त्याचा धंदाच. त्याने लोखंडी खोलीसारखे मतयंत्र तयार केले आणि १८८९ साली त्याचे पेटंट घेतले. १२ एप्रिल १८९२ रोजी त्याच राज्यातल्या लॉकपोर्ट या गावी निवडणुकीत ते प्रथम वापरले गेले. मतदार एका दाराने आत जाई, हव्या त्या नावाचे बटण दाबी आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडे. बटण दाबताच आकडा चढे. चुकून भलतेच बटण दाबले, तर इलाज नसे.

पुढे डेव्हिस, गिलेस्पी अशा कारागिरांनी त्यात सुधारणा केल्या. १८९९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने आपल्या सभासदांच्या निवडणुकीलाही अशी यंत्रे चालतील असे ठरवले. नंतर जे यंत्र देशभर गाजले, त्याचे काम समजून घेऊ.

एक मोठे, उंच लोखंडी कपाट. वजन साडेतीनशे किलोच्या वर. पुढच्या बाजूला उमेदवारांच्या नावांच्या रांगा आणि प्रत्येक नावाजवळ बोटाएवढा खटका. न्यूयॉर्क राज्यात नावांसोबत पक्षाचे चिन्हही असे. एका पक्षाचा गरुड, दुसऱ्याचा तारा. मतदार समोर येतो आणि मोठा दांडा ओढतो. त्याबरोबर त्याच्या पाठीमागे पडदा बंद होतो आणि खटके मोकळे होतात. पडदा उघडा असेल तर एकही खटका हलत नाही. म्हणजे गुप्तपणा हा मतदाराच्या मर्जीवर नाही, यंत्राच्याच अंगात आहे.

आता तो हव्या त्या नावांचे खटके खाली पाडतो. पण आकडा अजून चढलेला नाही. मन बदलले, तर खटका वर करून दुसरा पाडता येतो. सगळे मनासारखे झाले की मोठा दांडा उलटा ओढायचा. पडदा उघडतो, पाडलेले खटके आपोआप जागेवर येतात, आणि परत येता येता प्रत्येक खटका मागच्या बाजूला आपापल्या उमेदवाराचे चाक एक घर पुढे सरकवतो. पुढच्या मतदाराला कोरे यंत्र मिळते.

एकाच जागेसाठी दोघांना मत दिले तर? ते देताच येत नाही. फळीवर पुस्तके घट्ट रांगेत उभी करा. फक्त एक बोट शिरेल एवढी जागा मोकळी ठेवा. कोणत्याही दोन पुस्तकांत एक बोट घाला, ते शिरेल. मग बाकीची पुस्तके आवळली जातात. दुसरे बोट कुठेच शिरत नाही. यंत्रात पुस्तकांच्या जागी लोखंडी ठोकळे आणि बोटाच्या जागी खटक्याची पट्टी असते. दोन माणसे निवडायची असतील, तर दोन बोटांची जागा मोकळी ठेवायची. कागदावर दोन शिक्के मारून मत बाद होते, तसे इथे होतच नाही.

मोजणीची चाके कशी असतात? जुन्या मोटारसायकलचा किलोमीटरचा काटा आठवा. शेजारी शेजारी चाके, प्रत्येकावर ० ते ९. मतयंत्रात प्रत्येक उमेदवाराला अशी तीन चाके. एकम्, दहम्, शतम्. दर मताला एकमचे चाक एक घर सरकते. ९ नंतर ० येताना ते शेजारच्या चाकाला एक ढकलते. तुम्ही बेरजेत ‘हातचा एक’ घेता ना? तोच हा हातचा. फक्त तो लोखंडाच्या दाताने घेतलेला.

आणखी दोन आकडे असत. एक बाहेरून सर्वांना दिसे. आज किती जणांनी मत दिले, ते तो सांगे. कारकुनाच्या वहीतल्या नावांशी तो जुळला पाहिजे. दुसरा आकडा कधीच शून्यावर आणता येत नसे. यंत्र जन्मात किती वेळा चालले, ते तो सांगे. सील करताना तो लिहून ठेवायचा आणि उघडताना पुन्हा पाहायचा. मधल्या काळात कोणी चोरून दांडा ओढला असेल, तर तिथे पकडला जाई. आमच्या मते सगळ्या यंत्रात हा मुका आकडाच सर्वांत शहाणा.

सकाळी सर्व पक्षांच्या माणसांसमोर मागची झाकणे उघडून प्रत्येक चाकावर शून्य आहे ना, ते बघायचे. मग कुलूप. संध्याकाळी मतदान संपले की कुलूप उघडून आकडे मोठ्याने वाचायचे आणि लिहून घ्यायचे. मोजणी म्हणून वेगळी नाहीच. शेवटच्या माणसाने दांडा ओढला, तेव्हाच ती संपली.

लोकांना हे पसंत पडले. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत ही यंत्रे होती. १९६० नंतरच्या दशकात तर त्या देशातली निम्म्याहून अधिक मते त्यांवर पडत.

मग यात खोट काय? खोट अशी, की यंत्र फक्त बेरीज ठेवते. एकेक मत ठेवत नाही. कागदावर शंका आली तर पेटी पुन्हा ओतून मोजता येते. इथे पुन्हा मोजायला उरते काय? तेच चाक, तोच आकडा. शंभर वेळा वाचा, शंभर वेळा तोच. निवडणुकीत जिंकलेल्याला मोजणीचा हिशेब कोणी समजावत नाही. तो समजवावा लागतो हरलेल्याला. आणि त्याला दाखवायला या कपाटात काही नसे.

आणि चाक चुकतही असे. ९९ चे १०० होताना तिन्ही चाके एकदम फिरावी लागतात. त्याला जोर जास्त लागतो. यंत्र जुने, गंजलेले असले तर तिथेच अडकते. तपासणी करणाऱ्यांना ९९ वर थांबलेली चाके जरा जास्तच सापडली, ती यामुळे. एखाद्या उमेदवाराला १३० मते पडली आणि चाक ९९ वरच बसले, तर बाहेर कोणाला कळणार? लबाडांनीही वाट काढली. शिसपेन्सिलीचे शिसे चाकात अडकवायचे, म्हणजे काही वेळ मते चढत नाहीत. पुढे त्या शिशाचा भुगा होतो आणि पुरावाही राहत नाही. मधला हात काढला खरा, पण यंत्र दुरुस्त करणारा हात आलाच.

२००० साली अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात मोजणीचा मोठा तंटा झाला. तिथली यंत्रे वेगळी, कागदाला भोके पाडणारी होती. पण त्यानंतर २००२ मध्ये नवा कायदा झाला आणि खटक्याची यंत्रेही जाऊ लागली. न्यूयॉर्कने ती शेवटपर्यंत धरून ठेवली. न्यूयॉर्क शहरात २०१३ सालीही एकदा ती गोदामातून बाहेर काढावी लागली. आता तिथे मतदार कागदावर खूण करतो, यंत्र तो कागद वाचते, आणि कागद पेटीत शिल्लक राहतो.

आपल्याकडे विजेवर चालणारे मतयंत्र प्रथम १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात, ५० केंद्रांवर वापरले गेले. २००४ च्या लोकसभेला ते देशभर आले. त्यालाही लोकांनी तोच प्रश्न विचारला, पुन्हा मोजायला काय उरते? म्हणून २०१३ पासून त्याच्या शेजारी चिठ्ठी छापणारे यंत्र येऊ लागले. बटण दाबले की काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचे नाव आणि चिन्ह असते. मग ती बंद पेटीत पडते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले, की विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहायच्या. ती केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडतात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा, अशी मागणी पुढे झाली. ती २०२४ मध्ये न्यायालयाने मान्य केली नाही.

सकाळचे शून्य पाहण्याचा रिवाजही चालू आहे. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० मते खोटीखोटी टाकून बघतात, आकडे आणि चिठ्ठ्या जुळवतात, मग सगळे पुसून शून्य करतात आणि सील लावतात. संध्याकाळी एकूण किती मते पडली, तो आकडा एका कागदावर लिहितात आणि त्याची नक्कल प्रतिनिधींना देतात. गावातला कोणी प्रतिनिधी म्हणून बसणार असेल, तर त्याने सकाळी वेळेवर जावे आणि तो कागद घेतल्याशिवाय उठू नये.